अवतरणचिन्हाच्या आत लाल पेन नको



विरामचिन्हे हा घटक आला की आपल्याकडे बहुतेक वर्गांत काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. फळ्यावर दोन रकाने पडतात. डावीकडे चिन्ह, उजवीकडे नाव, खाली व्याख्या. मुलं उतरवून घेतात, पाठ करतात, चाचणीत लिहितात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. त्याच आठवड्यात त्याच वहीत पंधरा ओळींचा निबंध येतो आणि त्यात अगदी शेवटी एकच टिंब असतं. ‘कथेचे घटक’ हा पाठही असाच जातो. पात्रे, स्थळ, काळ, कथानक, संवाद, शेवट ही नावं मुलांना घडाघडा येतात. गोष्ट लिहा म्हटलं की मात्र पेन्सिल चावत बसतात.

माझं म्हणणं असं आहे की हे दोन पाठ आपण वेगवेगळ्या तासाला शिकवतो ही खरी अडचण आहे. गोष्ट कोण सांगतंय आणि गोष्टीतलं कोण बोलतंय, एवढा फरक मुलाला कळला की कथेचे निम्मे घटक आणि निम्मी विरामचिन्हं त्याच्या हातात येतात. या दोघांच्या मधलं कुंपण म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह. सगळ्या चिन्हांत मला हेच जास्त मोलाचं वाटतं. का, ते सांगते.

मी नृसिंहवाडीत शिकवते. दत्ताची वाडी म्हणून तुम्ही बरेचजण येऊन गेला असाल, जाताना पेढे आणि कवठाची बर्फी घेऊन गेला असाल. इथे पंचगंगा कृष्णेला मिळते. पावसाळ्यात पाणी चढलं की ते देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात. आमच्या मुलांना हे नवीन नाही. पाणी किती पायऱ्या चढलं हे ती शाळेत येता येता बघून येतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे त्यांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. म्हणजे गोष्टीसाठी लागणारं ‘स्थळ’ आणि ‘काळ’ ही मुलं दप्तरातूनच घेऊन येतात म्हणा ना.

२००५ चा पूर त्यांच्या आईबाबांच्या लहानपणीचा. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आज माझ्यासमोर बसलेल्या मुलांना स्वतःच्या आठवणीतून माहीत नाही, तेव्हा ती पाळण्यात नाहीतर कुणाच्या तरी कडेवर होती. तरीही ती तो पूर डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगतात, कारण घरात तो शंभर वेळा सांगून झालाय. चौथीतली एक मुलगी कशी सांगते, ते जसंच्या तसं लिहिते. मुद्दाम एकही चिन्ह घालत नाही:

आज्जी म्हनली मी काय येत न्हाय म्हसरं सोडून कुठं जाऊ आबा म्हनले अगं म्हसरं बी न्यालोय की तू चल आज्जी तशीच बसली तवर पाणी उंबऱ्याला आलतं मग आबांनी काय केलं म्हशीचा कासरा आज्जीच्या हातात दिला म्हनले आता तूच ने म्हशीला मग उठली आज्जी

वाचताना तुम्हीही कुठेतरी अडखळला असाल. पण ही गोष्ट तोंडी ऐकताना कुणीही अडखळत नाही. मुलगी आज्जीचं वाक्य आज्जीच्या आवाजात म्हणते, आबांचं आबांच्या. ‘तवर’ म्हणताना आवाज खाली आणते. शेवटच्या ‘मग’च्या आधी एक क्षण गप्प बसते आणि सगळा वर्ग पुढे झुकतो.

आता याच मुलीला ‘पूर’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगा. येतं ते असं: ‘पूर ही एक नैसर्गिक आपत्ती आहे. पुरामुळे खूप नुकसान होते. लोकांचे हाल होतात. आपण पूरग्रस्तांना मदत केली पाहिजे.’ शुद्धलेखन ठीक, पूर्णविराम जागच्या जागी. आणि आज्जी? म्हैस? तो कासरा? काहीच नाही. ज्या मुलीजवळ इतकी चांगली गोष्ट आहे, ती वहीत शिरताना घरची सगळी माणसं शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून येते. तिला कुणी तसं सांगितलेलं नसतं. पण वहीत ‘न्हाय’ लिहिलं की त्याखाली लाल रेघ येते, ‘म्हसरं’ लिहिलं की वर ‘म्हशी’ असं येतं, ‘आलतं’वर फुली येते. मुलं हुशार असतात. दोनदा रेघ आली की तिसऱ्यांदा आज्जीला आणतच नाहीत.

म्हणून ही विनंती. दुहेरी अवतरणचिन्हाच्या आत पात्राची भाषा असते. तिथे आपण लाल पेन चालवू नये.

हे काही मी नवीन सांगत नाही. आपल्या मराठीतल्या ग्रामीण कथाकारांनी हेच केलंय. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले पट्टणकोडोलीचे शंकर पाटील घ्या. निवेदन साध्या लिहित्या मराठीत आणि माणसं बोलू लागली की इथल्या मातीतली बोली. व्यंकटेश माडगूळकरांची माणदेशची माणसंही आपापल्या भाषेत बोलतात. कागलचे आनंद यादव तर आणखी पुढे गेले. ‘गोतावळा’ या कादंबरीत निवेदनही त्यांनी बोलीतच ठेवलं. पुढे त्यांच्या ‘झोंबी’ या आत्मचरित्राला १९९० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. या लेखकांचे पाठ आपण मुलांना शिकवतो, त्यातल्या संवादांना हसतो, ‘किती जिवंत भाषा’ म्हणतो, आणि मूल तसंच लिहायला लागलं की ‘अशुद्ध’ म्हणतो. हा न्याय मला पटत नाही.

इथे कुणी म्हणेल, मग मुलं प्रमाणभाषा शिकणार कधी? प्रश्न रास्त आहे. अर्ज लिहायचा, स्पर्धा परीक्षा द्यायची, पुढे नोकरी करायची, त्याला प्रमाण मराठी लागतेच आणि ती शाळेनेच द्यायला हवी. आमच्याकडे तर काही मुलं घरी कानडी बोलणारी आहेत, त्यांना मराठीचं हे एकच दार आहे. पण बघा, अवतरणचिन्ह नीट वापरायचं म्हटलं की मुलाला प्रत्येक वाक्यापाशी ठरवावं लागतं: हे मी सांगतोय की आज्जी बोलतेय? मी सांगत असेन तर ‘पाणी उंबऱ्याला आले होते’. आज्जी बोलत असेल तर “पाणी उंबऱ्याला आलंय की वो!” एकाच पानावर दोन्ही भाषा समोरासमोर ठेवून निवड करायची. ‘न्हाय’वर शंभर वेळा रेघ मारून जे होत नाही, ते या निवडीतून होतं. मूल आपल्या बोलीकडे पहिल्यांदा जरा लांबून बघतं. तिची लाज न वाटता.

आमच्या भागातली मुलींची एक गंमत यात हमखास येते. इकडे मुली, बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. (मीसुद्धा घरी ‘आलो’च म्हणते. शाळेच्या फाटकातून आत आलं की ‘आले’ होतं.) पुण्याकडून आलेल्या पाहुण्यांना ते विचित्र वाटतं. वहीत एखादी मुलगी लिहिते, ‘मी आईला म्हणाली, “मी बी येतो.”’ पहिला ‘म्हणाली’ आपण बोलून ‘म्हणाले’ करून घेऊ. तो निवेदनातला आहे. दुसरा ‘येतो’ मात्र तसाच राहू द्यावा, कारण ती खरंच तसं म्हणाली होती. एवढ्या एका ओळीत निवेदन आणि संवाद यांतला फरक शिकवून होतो. वेगळ्या व्याख्येची गरजच पडत नाही.

मराठीला अवतरणचिन्हाची गरज जरा जास्तच आहे, याकडेही लक्ष वेधते. इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगताना सर्वनाम बदलावं लागतं, ‘मी’चा ‘तो’ किंवा ‘ती’ होतो. मराठीत आपण तसं क्वचितच करतो. आपण सरळ म्हणतो, आई म्हणाली मी हुशार आहे. आता हुशार कोण, आई की सांगणारी मुलगी? बोलताना आवाजावरून कळतं. कागदावर कळायला मार्ग नाही. आई म्हणाली, “मी हुशार आहे.” इथे आई हुशार. आई म्हणाली की मी हुशार आहे. इथे बहुधा मुलगी, पण तिथेही खात्री नाहीच. हे वाक्य वर्गात टाकून बघा. दहा मिनिटं भांडण चालतं आणि भांडण मिटवायला कुणीतरी आपणहून म्हणतं, “बाई, तिथं ते दोन-दोन काड्यांचं चिन्ह घाला की!” (‘की’च्या आधी स्वल्पविराम की नंतर, यावर शिक्षकांच्या खोलीत वाद होतात ते मला माहीत आहे. चौथीच्या मुलांना त्यात ओढू नये.)

चिन्हांमुळे अर्थ कसा फिरतो हे सांगताना आपण सगळे ते फाशीचं जुनं उदाहरण देतो. माफ करा, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांना रोज फाशी कशाला? आमच्याकडे पुराच्या दिवसांत नाव लागते, म्हणून मी हे वाक्य वापरते:

नाव आली नाही थांबायचं

नाव आली नाही, थांबायचं. म्हणजे काठावर बसून राहा. नाव आली, नाही थांबायचं. म्हणजे पळा! स्वल्पविराम कुठे पडतो यावर माणूस नावेत बसतो किंवा काठावर राहतो. तुमच्या गावात नाव नसेल तर एसटी घ्या, काही बिघडत नाही.

दुसरं माझं आवडतं उदाहरण आपल्या कोल्हापुरी ‘की’चं आहे. ‘हाय की’ हे दोन शब्द फळ्यावर लिहायचे आणि मुलांना म्हणायला लावायचे. हाय की. म्हणजे आहे, त्यात काय विशेष. हाय की! म्हणजे अरे वा, आहे तर. हाय की? म्हणजे मला शंका आहे. हाय की... म्हणजे आहे खरं, पण द्यायचं मनात नाही. चौघांनी चार तऱ्हेने म्हटलं की पूर्णविराम, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह आणि लोपचिन्ह एका दमात होतात. हे पुस्तकातल्या वाक्यावर होत नाही, कारण ‘अबब! केवढा मोठा साप’ असं आमच्याकडे कुणीच म्हणत नाही. आमच्याकडे साप दिसला तर जे म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

आवाजापासून सुरुवात करा, असं मी म्हणते त्यामागे थोडा इतिहासही आहे. आपल्याला वाटतं ही चिन्हं मराठीत कायमचीच आहेत. तसं नाही. जुन्या पोथ्यांत ओवी संपली की दंड यायचा, दोन दंड यायचे, बस. मोडीत तर आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. दोन शब्दांत जागा सोडण्याचीसुद्धा पद्धत नव्हती. शतकानुशतकं दप्तरं, पत्रं, हिशेब असेच लिहिले गेले. आज आपण वापरतो ती स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्हं इंग्रजी छापील पुस्तकांवरून आली. ती मराठीत रुजवण्याचं बरंचसं श्रेय मेजर थॉमस कँडी या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला जातं. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामात ते होते आणि १८५० मध्ये त्यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक काढलं. हिंदीने वाक्याच्या शेवटी आपला उभा दंड ठेवला, मराठीने इंग्रजीचं टिंब घेतलं. मुलांना हे सांगितलं की ती लगेच हिंदीचं पुस्तक काढून बघतात.

म्हणजे लिहिलेल्या मराठीत या चिन्हांचं वय पावणेदोनशे वर्षांच्या आसपास. बोलण्यात मात्र थांबणं, चढणं, उतरणं पहिल्यापासून आहे. कीर्तनकार कुठे थांबतो, पालखीपुढे पदं म्हणणारे श्वास कुठे घेतात, ते मुलांच्या कानात बसलेलं असतं. चिन्ह म्हणजे त्या थांबण्याची खूण. आधी थांबा कानाला कळू दे, मग खूण दाखवा, आणि नाव सगळ्यात शेवटी. आपण नेमकं उलटं करतो.

इथे एक तक्रार नोंदवल्याशिवाय राहवत नाही. निपुण भारतच्या उद्दिष्टांत तिसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं आहे. उद्दिष्टाशी माझं भांडण नाही. ‘अर्थ समजून’ हे शब्द त्यात आहेतच. पण प्रत्यक्षात मोबाईलवर वेळ लावून शब्द मोजायला बसलं की मूल एक्स्प्रेससारखं सुटतं. पूर्णविराम हे त्याला न थांबायचं स्टेशन वाटतं. पालकांनाही तेच आवडतं, ‘बघा, कसं फडाफडा वाचतो!’ फडाफडा वाचणाऱ्या मुलाला मी त्याच परिच्छेदातलं फक्त संवादाचं वाक्य त्या पात्रासारखं म्हणायला लावते. तिथे खरं वाचन कळतं. शब्द मोजायचे तर मोजा, पण आठवड्यातून एक दिवस घड्याळ बाजूला ठेवा. त्या दिवशी एकाने निवेदन वाचायचं आणि बाकीच्यांनी पात्रं वाटून घ्यायची. कुणाचं वाक्य कुठे संपलं हे चिन्ह बघितल्याशिवाय समजतच नाही, त्यामुळे बोट आपोआप चिन्हावर जातं.

आता साहित्यातल्या संज्ञा. पाचवीपर्यंत किती हव्यात? माझ्या मते पाच पुरेत: पात्र, स्थळ-काळ, निवेदन, संवाद आणि कथानक. कथाबीज, संघर्ष, उत्कर्षबिंदू, वातावरणनिर्मिती हे सगळं पुढच्या वर्गांत येऊ दे. त्याची घाई कशाला? यातली चार सोपी आहेत, मुलं गोष्ट सांगतानाच ती वापरतात. अडतं ते कथानकापाशी. मुलांना वाटतं की घडलेल्या गोष्टी ओळीने सांगितल्या की झालं. त्यांच्या लिहिण्यात ‘मग’ फार येतो. मग आम्ही उठलो मग पाणी आलं मग आम्ही वर गेलो मग जेवलो. तर त्यांना एकच खेळ द्यायचा: जिथे ‘मग’ आहे तिथे ‘म्हणून’ किंवा ‘पण’ घालता येतो का बघा. जिथे घालता येत नाही तिथे ते वाक्य गोष्टीला लागतं का, तेही बघा. पाणी वाढलं म्हणून आबा निघाले, पण आज्जी बसून राहिली, म्हणून आबांनी कासरा तिच्या हातात दिला. आता यात ‘मग जेवलो’ कुठेच बसत नाही, मुलं स्वतःच ते खोडतात. कथानक म्हणजे काय, हे त्यांनी करून बघितलेलं असतं. नाव नंतर सांगितलं तरी चालतं.

शिष्यवृत्ती परीक्षेला नावं विचारतात, चिन्हं ओळखायला सांगतात, ते मला माहीत आहे. विचारू देत की. ज्याने चिन्ह वापरलंय त्याला त्याचं नाव लक्षात ठेवायला एक तास पुरतो. नाव पाठ आहे म्हणून चिन्ह वापरता येतं असं मात्र मी आजवर कुठल्याच वहीत बघितलेलं नाही.

आणि कथेचा तो एक घटक, जो खरं तर घटकच नाही, पण आपण प्रत्येक गोष्टीखाली लिहून घेतो: तात्पर्य. ही सवय जुनी आहे. मराठीत छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत इसापाच्या नीतिकथा आहेत. १८०६ मध्ये तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली, ती इसापनीतीच होती. तेव्हापासून लहान मुलांची गोष्ट म्हणजे खाली बोध असायलाच हवा, असं आपल्या डोक्यात बसलंय. इसापाच्या गोष्टीला तात्पर्य शोभतं, ती तशीच रचलेली असते. पण आज्जी आणि म्हशीच्या गोष्टीचं तात्पर्य काय लिहिणार? ‘मुक्या प्राण्यांवर प्रेम करावे’? ‘हट्ट करू नये’? ‘आपत्तीत वेळेवर स्थलांतर करावे’? तिन्ही लिहिता येतात आणि तिन्हींनी गोष्ट मरते. त्याऐवजी मुलांना विचारा, आबांनी कासरा आज्जीच्या हातात का दिला असेल? माझ्या वर्गात एकाने सांगितलं, “आज्जीला वाटाय नको की तिला कोन उचलून नेतंय.” या उत्तराला तात्पर्याच्या चौकटीत जागाच नाही.

पालकांसाठी थोडंसं. तुम्हाला विरामचिन्हांची नावं येत नसतील तरी काही अडत नाही. घरात जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते, पुराची, लग्नातल्या गोंधळाची, पळून गेलेल्या बैलाची, ती आजी-आजोबांना सांगायला लावा आणि मोबाईलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. मग मुलाने ती थांबवत थांबवत ऐकायची आणि लिहायची. जिथे आजी दुसऱ्या कुणाचं बोलणं सांगते तिथे अवतरणचिन्ह. आजीने जे म्हटलं तेच लिहायचं, सुधारून नको. कोल्हापूरची आजी असेल तर एक-दोन शब्द असे निघतील की मूल तुमच्याकडे बघून विचारेल, हे लिहू का? ते तुम्ही ठरवा. आणि बाजारात मिळणारी तयार निबंधांची पुस्तकं कृपा करून आणू नका. त्यातला ‘माझी आजी’ वाचून वर्गातल्या तीस मुलांची आजी एकच होते. तिचे केस पांढरेशुभ्र असतात आणि ती रोज रात्री गोष्टी सांगते. आमच्याकडच्या कित्येक आज्ज्या रात्री आठला झोपतात, कारण पहाटे धार काढायची असते.

शिक्षक मित्रांनी तपासताना एवढंच करून बघावं. आधी अवतरणचिन्हाबाहेरचं तपासा, नेहमीसारखं, कडक. ऱ्हस्व-दीर्घ, पूर्णविराम, सगळं. मग आतलं वाचा, पण पेन खाली ठेवून. आत फक्त दोन गोष्टी बघायच्या: चिन्ह उघडलंय तसं बंद झालंय का, आणि ते पात्र खरंच असं बोलेल का? पोलीसपाटील आणि पाचवीतला मुलगा एकसारखेच बोलत असतील तर तिथे समासात पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढा. मुलाला त्याचा अर्थ कळतो.

गेल्या महिन्यात यावरूनच एका मुलीने मला अडवलं. तिची आजी सीमेपलीकडची, कानडी बोलणारी. तिने विचारलं, “बाई, आज्जी मला ‘बा इल्ली’ म्हनती. ते मराठीच्या वहीत चालतंय?” मी म्हटलं, अवतरणचिन्हात चालतं. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, “मग वाचनाऱ्याला कळंल कसं?” मी तो प्रश्न वर्गाला टाकला. एकजण म्हणाला कंसात अर्थ लिही. दुसरा म्हणाला, नको, गोष्ट तुटती. शेवटी तिनेच लिहिलं: “बा इल्ली,” आज्जीने हाक मारली, आणि मी तिच्याजवळ गेले.